फवारणीच्या आधी वाच

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

ताई आणि बाळ दोघं बरी आहेत. पण सव्वा महिना होईस्तोवर मला नागपुरातून निघता येत नाही. फवारणीबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

डवरे सरळ काढलेस, पांदणीनं जाणारे थांबून पाहतात, असं काका फोनवर म्हणाले. ऐकून पोट भरलं. पण मग कपाशीची पऱ्हाटी आता छातीला लागली असेल. एवढ्या उंचीला फवारा तोंडावरच येतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली. पऱ्हाटी डोक्यावर, उकाडा आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. दुकानदार काहीही सांगो, तू मिसळू नको.

आधी गुलाबी बोंडअळीचे पतंग धरायचे कामगंध सापळे पाहा. एकरी दोन लाव. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच औषध. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरून मिटलेली फुलं, तोडून जाळ. पहिला हात निंबोळीचा दे: ५ किलो कुटून रात्रभर भिजव, फडक्यानं गाळ, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाक आणि पाणी १०० लिटर कर. निंबोळ्या कोठीत, तुरीच्या पोत्यामागं आहेत.

विषारी औषध मारायचंच झालं तर सकाळी, वारा पाठीवर घेऊन. नोझल तुंबली तर तोंडानं फुंकू नको, जुन्या ब्रशनं साफ कर. खर्रा घरी ठेवून जा, बोटाचं औषध त्याच्यासंगं पोटात जाते. आता तू लहान नाहीस, किती सांगावं मी! राग मानू नको.

पण नाल्याचं ऐकच. वरच्या टेकड्यांकडे आभाळ भरलं असलं तर पंप खांद्यावर घेऊ नको. औषध धुऊन जाईल, आणि रपट्यावरून पाणी गेलं की १०८ पलीकडेच थांबते. आपल्या बारा घरांत कोणाला घाम सुटला, लाळ गळाली, डोळ्यापुढं अंधारी आली, की कपडे काढून अंग साबणानं धुवा. दूध पाजत बसू नका. औषधाचा डबा सोबत न्या, त्यावरूनच डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

आबा असते तर सांगायची वेळच आली नसती. ते वारा बदलला की पंप उतरवून धुऱ्यावर बसत.

रिकामा डबा चेपून, भोक पाडूनच टाक. काकूंच्या घरी त्यात पाणी भरतात, त्यांनाही सांग. निंदणाऱ्या बायांची मजुरी शनिवारी दे, आणि फवारलेल्या वावरात त्यांना लगेच पाठवू नको. पंप धुतलास की फोन कर, रेंज मारुतीच्या पाराजवळ येते.

तुझी,
आई