वायकिंगांच्या अंगावर चामडं नव्हे, लोकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॉर्स लोकांवरच्या, म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडच्या ज्या जुन्या दर्यावर्दींना आपण सरसकट वायकिंग म्हणतो त्यांच्यावरच्या मालिका आता मोबाइलवर घरोघरी बघितल्या जातात. आपल्या रविवारच्या पुरवणीत त्यांची परीक्षणं येतात. त्यांत कथानक, अभिनय, लढाया यांवर भरभरून लिहिलेलं असतं, पण पात्रांचे कपडे, ढाली, जोडे यांवर एक ओळही नसते. आम्ही सांगलीत शाळांच्या आणि हौशी नाटकांची वेशभूषा व नेपथ्य करतो. आमच्यातले काहीजण इतिहास शिकवतात. या मालिकांची मोठी चूक नेमकी कपड्यांत आणि वस्तूंत आहे असं आमचं ठाम मत आहे. पत्र लांबलं आहे, पण तपशील दिल्याशिवाय हा विषय कळत नाही.

आधी कथानकाचं. २०१३ साली सुरू झालेल्या ‘वायकिंग्ज’ मालिकेत रॅग्नार आणि त्याचा भाऊ रोलो ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटतात, पुढे पॅरिसला वेढा घालतात आणि रोलो फ्रँक, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, राजाकडून जहागीर घेऊन तिकडचाच होतो. इतिहासात लिंडिसफार्नचा हल्ला ८ जून ७९३ चा. पॅरिसवरची पहिली मोठी स्वारी ८४५ ची. तिच्या म्होरक्याचं नाव रॅग्नारशी जुळतं आणि ७,००० पौंड चांदी मोजून फ्रँक राजानं ती माघारी घालवली. पॅरिसचा प्रसिद्ध वेढा ८८५-८८६ चा, आणि रोलोला सीन नदीच्या मुखाकडचा मुलूख मिळाला तो ९११ मध्ये. लिंडिसफार्नला रोलो पंचविशीतला धरला तर जहागीर घेताना तो १४३ वर्षांचा भरतो! त्यातून रॅग्नार लोडब्रोक हा एकच माणूस होता, की अनेक सरदारांचे पराक्रम त्याच्या नावावर जमा झाले, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. तरीही हे आम्ही मान्य करतो. सव्वाशे वर्षं एका आयुष्यात कोंबणं ही नाटककाराची जुनी सोय आहे, आपल्या बखरींनाही ती परकी नाही. ज्याला खऱ्या तारखा हव्यात त्याला त्या कुठल्याही पुस्तकात सापडतात.

एक गोष्ट मात्र या सवलतीत बसत नाही. पश्चिमेला जमीन आहे हेच या लोकांना ठाऊक नव्हतं, असं मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत दाखवलं आहे. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ७८९ खाली नोंद आहे की तीन जहाजं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागली आणि चौकशीला गेलेल्या राजाच्या अधिकाऱ्याला त्या लोकांनी मारलं. लिंडिसफार्न लुटल्यावर अल्क्विन या विद्वानानं नॉर्थम्ब्रियाच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या, राजाला पत्र लिहिलं. तुम्हीच या मूर्तिपूजकांसारखे केस आणि दाढ्या ठेवता, अशी त्याची त्यात तक्रार आहे. आधीपासून येणं-जाणं असल्याशिवाय कुणी कुणाची केशरचना उचलत नाही. मठ कुठं आहे, त्यात काय आहे आणि राखणीला कुणी नाही, हे माहीत असलेल्या लोकांनी तो लुटला. योगायोगानं जमीन सापडलेल्यांनी नव्हे. मालिकेनं इथं सगळ्या घटनेचं कारणच बदललं आहे.

आता कपडे. पडद्यावर जो तो काळ्या किंवा तपकिरी चामड्यात असतो, त्यावर पट्टे, बकला, खिळे. काळं चामडं मंद प्रकाशात उठून दिसतं आणि आजच्या प्रेक्षकाला ते लगेच ‘योद्धा’ म्हणून ओळखू येतं, म्हणून ते वापरतात. पण थडग्यांत सापडली आहे ती लोकर आणि जवसाच्या धाग्याचं कापड. हेडेबी या त्या काळच्या डॅनिश बंदराच्या गाळात तर जुन्या कपड्यांच्या चिंध्या निघाल्या. जहाजाच्या कामात डांबर लावायला त्या वापरल्या होत्या आणि डांबरानंच त्या हजार वर्षं टिकल्या. त्यांवरून बेतणी कळते: अंगरखा गुडघ्यापर्यंत, खाली घेर यावा म्हणून बाजूंना त्रिकोणी कळ्या. नाटकासाठी शिवताना काखेत चौकोनी तुकडाही घालावा. तो नसेल तर कुऱ्हाड उगारल्याबरोबर काख उसवते, हे शिंपीकाम करणाऱ्याला सांगायला नको.

रंगही भरपूर होते. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून, निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून. आपल्या निळीत जे रंगद्रव्य असतं तेच वोडमध्ये असतं. म्हणजे दोन्ही रंग इथं आयुर्वेदिक दुकानात आणि रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मालावर साधतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवावी, मग मंजिष्ठेत मंद आचेवर ठेवावी. खळखळून उकळी आली की लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि पुन्हा वर येत नाही.

खांद्यावरच्या शालीला तर आपल्याकडे तयार वस्तू आहे. नॉर्स पुरुषाची शाल म्हणजे लोकरीचा आयताकृती जाड तुकडा, उजव्या खांद्यावर मोठ्या काट्यानं अडकवलेला, म्हणजे शस्त्राचा हात मोकळा राहतो. जत-आटपाडीकडची घोंगडी हे काम चोख करते. फक्त नवी घेऊ नये. तिला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे ती अंगावर पडत नाही, पत्र्यासारखी उभी राहते. वापरलेली, दोन-चार वेळा धुतलेली घ्यावी. सेफ्टी पिन लावली तर वजनानं उघडते. काटा लोखंडी हवा आणि दोन्ही पदर दुमडून चार थरांतून घालावा. भाड्याच्या रेग्झिनच्या ड्रेसपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि बरोबर असतं.

बायकांना मालिकांत चामड्याची कंचुकी घालतात. खऱ्या थडग्यांत स्त्रीच्या छातीवर, गळपट्टीच्या हाडांखाली, दोन लंबगोल पितळी ब्रोच सापडतात. खांद्यावरून येणारे झग्याचे बंद त्यांत अडकवायचे आणि दोहोंमध्ये मण्यांची माळ सोडायची. १९०४-०५ मध्ये नॉर्वेत उकरलेल्या ओसेबर्गच्या जहाजात ८३४ साली दोन स्त्रियांना पुरलं होतं. त्यांच्याबरोबर चित्रं विणलेली वस्त्रं आणि रेशमाचे तुकडेही होते. बगदादकडची चांदीची नाणी गॉटलंड बेटावर हजारोंनी सापडतात. स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर तर आपल्या उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली छोटी कांस्य बुद्धमूर्ती निघाली. असा व्यापार करणाऱ्या लोकांना मळकट चामड्यात गुंडाळणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मळकट म्हटलं, कारण चेहऱ्यावर चिखल आणि केसांच्या जटा हीही मालिकांची ठरलेली रंगभूषा आहे. हरणांच्या शिंगांच्या फण्या या काळाच्या वस्त्यांत आणि थडग्यांत जागोजाग सापडतात. डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात आणि त्यामुळे आमच्या बायकांना भुरळ घालतात, अशी कुरकुर तेराव्या शतकातल्या एका इंग्रज इतिवृत्तकारानं नोंदवली आहे. सन १००० च्या सुमाराला एका इंग्रज धर्मगुरूनं आपल्या भावाला लिहिलं की डॅनिश पद्धतीनं मान उघडी आणि डोळे झाकलेले ठेवू नकोस. म्हणजे मागं केस कापलेले आणि पुढं लांब झुलपं. पडद्यावर बरोबर उलटं असतं: बाजू भादरलेल्या आणि मागं लांब वेणी. गोंदणाबाबत मात्र मालिकांना पूर्ण खोटं ठरवता येत नाही. ९२२ च्या सुमाराला व्होल्गाकाठी या लोकांना भेटलेल्या इब्न फदलान या अरब प्रवाशानं बोटांपासून मानेपर्यंत गडद हिरव्या आकृत्या असल्याचं लिहिलं आहे.

ढालीवर थोडं थांबतो, कारण शाळांच्या नाटकांत सगळ्यात जास्त बिघडते ती ढाल. नॉर्वेतल्या गोकस्टाड जहाजाबरोबर १८८० मध्ये ६४ ढाली मिळाल्या, आळीपाळीनं पिवळ्या आणि काळ्या रंगवलेल्या, व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर. पातळ फळ्या जोडलेल्या, मध्ये भोक, भोकावर लोखंडी वाटी आणि मागून आडवी मूठ. हात वाटीच्या आत राहतो. मालिकेत आणि गॅदरिंगमध्ये बऱ्याचदा दोन पट्ट्यांत हात अडकवून ढाल कोपरापाशी घेतात. तशी घेतली की ती पुढं ढकलता येत नाही, फिरवता येत नाही, नुसती अंगाला चिकटून राहते. मधली मूठ असली की मनगट वळवून वार बाजूला काढता येतो. ढाल एवढी पातळ आणि हलकी केली जायची ती त्यासाठीच.

रंगमंचासाठी ६ मिलिमीटरचा प्लाय घ्यावा. ८ बाय ४ फुटी शीटमधून ८० सेंटिमीटरच्या तीन ढाली निघतात. ९० च्या दोनच. ८० ची ढाल पावणेदोन ते दोन किलो भरते. मजबुतीसाठी १२ मिलिमीटर वापरला तर वजन साडेतीन किलोच्या पुढं जातं आणि दुसऱ्या प्रवेशातच मुलाचा हात खाली येतो. मध्ये १२ सेंटिमीटरचं भोक पाडावं. मागून ४ सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टी आडवी, जवळजवळ काठापासून काठापर्यंत, रिबिटांनी बसवावी. पुढून रुंद काठाची स्टीलची वाटी काळी करून बसवावी. फळ्यांच्या रेघा पट्टीला काटकोनात, म्हणजे उभ्या, कोराव्या. खऱ्या ढालीत ती पट्टीच फळ्यांना बांधून ठेवते, त्यामुळे दोन्ही एका दिशेला काढल्या की जाणकाराला चूक लगेच दिसते. काठाला कच्चं कातडं ओलं असतानाच शिवावं. तबल्याच्या पुडीसारखं ते वाळताना आवळतं. पण ते कडेपुरतंच ठेवावं, एकाच अंगानं पूर्ण ढालीवर चढवलं तर पातळ प्लाय वाळताना वाकतो. ऑइलपेंट टाळावा, दिव्याखाली चकाकतो.

शिंगांचं शिरस्त्राण मालिकांनी बहुतेक सोडलं आहे, पण कार्टून आणि फॅन्सी ड्रेसमधून ते अजून गेलेलं नाही. डेन्मार्कात १९४२ मध्ये सापडलेले शिंगांचे टोप कांस्ययुगातले, लिंडिसफार्नच्या सुमारे १,७०० वर्षं आधीचे. नॉर्वेतल्या येर्मुंडबूचा दहाव्या शतकातला टोप १९४३ मध्ये मिळाला. त्याला चष्म्यासारखं डोळ्यांचं कवच आहे, शिंगं नाहीत. वायकिंगाच्या डोक्यावर शिंगं रूढ केली ती १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइथच्या ऑपेरात, कार्ल एमिल डोप्लर या वेशभूषाकारानं. म्हणजे ही चूक आमच्याच व्यवसायातून निघाली आहे. १८४३ पासून मराठी नाटक करणाऱ्या सांगलीनं तरी ती पुढं नेऊ नये असं आम्हांला मनापासून वाटतं. टोप बनवणं जमत नसेल तर डोकं उघडं ठेवावं किंवा लोकरीची टोपी द्यावी. लोखंडी टोप मोजक्याच लोकांना परवडत असे.

तलवारही तशीच, श्रीमंताची वस्तू. साध्या माणसाच्या हातात भाला आणि कुऱ्हाड. कुऱ्हाडीचं पातं एकाच बाजूला आणि पातळ असे, दोन्हीकडे पाती असलेली कुऱ्हाड काल्पनिक आहे. आणि म्यान कमरेला. पाठीवरच्या म्यानातून ८० सेंटिमीटरचं पातं खांद्यावरून ओढून बघा, हाताची लांबी संपते आणि टोक आतच राहतं.

जहाजांच्या बाबतीत मालिकांचं कौतुक करायला हवं. तिथं मेहनत दिसते, काही प्रसंगांत तर जुनी नॉर्स भाषाही बोलली आहे. आपल्याकडे पडद्यावर जहाज रंगवणाऱ्यांनी एवढं सांभाळावं: वरची फळी खालच्या फळीवर बाहेरून चढलेली असते, म्हणून सावलीची रेघ प्रत्येक फळीच्या खालच्या काठाखाली येते. गोकस्टाडला एका बाजूला अशा १६ फळ्या आहेत. सुकाणूचं वल्हं मागच्या बाजूला उजवीकडे, मधोमध नाही.

स्वीडनमधल्या उप्सालाचं देऊळ मालिकेत डोंगरात आहे आणि दिसतं बाराव्या शतकातल्या लाकडी चर्चसारखं. प्रत्यक्षात जुनं उप्साला सपाट मैदानावर आहे. पाठीतून फासळ्या उघडण्याची ती भयंकर शिक्षाही नंतरच्या काव्यांत आणि सागा नावाच्या नॉर्स गद्यकथांत आहे, तशी खूण असलेला एकही सांगाडा मिळालेला नाही.

आपल्याला विनंती अशी की परीक्षण लिहिणाऱ्यांनी अशा मालिकेबद्दल कपड्याचं कापड, ढालीची मूठ, केस आणि शस्त्रं या चार गोष्टींवर दोन वाक्यं तरी लिहावीत. मराठीतल्या ऐतिहासिक मालिकांनाही तीच फूटपट्टी लावावी. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. ज्या शाळांना अंगरख्याची बेतणी आणि ढालीचा पुठ्ठ्यावर कापलेला नमुना हवा असेल त्यांच्यासाठी आम्ही दोन्ही आपल्या सांगली कार्यालयात आणून ठेवायला तयार आहोत. नमुना १२ ते १५ वर्षांच्या मुलांच्या मापाचा आहे. मोठ्यांसाठी अंगरख्याला दोन्ही बाजूंना चार-चार बोटं वाढवावीत, कळ्या तशाच ठेवाव्यात.

आपले,
वेशभूषा व नेपथ्य करणारे काही हौशी रंगकर्मी आणि इतिहास-शिक्षक,
सांगली