काकू, तुम्ही पायरी तोडू दिली नाहीत

ती. काकूंना सप्रेम नमस्कार.

जेरॉन्टॉलॉजीचं, म्हणजे वार्धक्याच्या अभ्यासाचं, ग्रॅज्युएट सर्टिफिकेट घरी आलं. त्यावर विद्यापीठाचा शिक्का आहे, माझं नाव आहे, तुमचं कुठेच नाही. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कॅन्सस सिटीच्या आसपास राहणाऱ्या आपल्यातल्या, माझ्यासारख्याच दोघी-तिघी इंटिरियर डिझायनर हाच अभ्यास करायचं म्हणताहेत. त्या फी विचारतात, आठवड्याला किती तास जातात ते विचारतात. नक्की काय शिकलीस, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

काकांच्या पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा तुम्ही मला बाथरूम बघायला बोलावलंत. मी सवयीने टाइल्सचे नमुने घेऊन आले. तुम्ही निवृत्त ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहात, म्हणजे माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या, हे ठाऊक होतं, पण असे थेरपिस्ट घरात शिरल्यावर काय बघतात याची मला कल्पना नव्हती. "ते नमुने ठेव बाजूला. आधी त्यांना पलंगापासून इथपर्यंत येताना बघ." काका बरे चालत आले आणि बाथरूमच्या दारात थिजले. पाय उचलेनाच. तुम्ही कपाटातून मास्किंग टेप काढली आणि फरशीवर पावलापावलाच्या अंतराने आडव्या पट्ट्या चिकटवल्यात. एकेक पट्टी ओलांडत काका आत गेले! या आजारात आपसूक चालण्याची लय अडखळते, अरुंद दारापाशी तर जास्तच. पण समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उठतो, हे तुम्ही मला तिथेच उभ्याउभ्या सांगितलंत. एवढी वर्षं मी दारातली फरशी बघून निवडत होते, ती फक्त शोभा म्हणून. हे कुठे शिकवतात, असं मी विचारलं आणि त्याच रात्री तुमचा मेसेज आला: ग्रेट प्लेन्स आयडिया.

आयोवा स्टेट, कॅन्सस स्टेट, ओक्लाहोमा स्टेट अशा सरकारी विद्यापीठांनी मिळून चालवलेली ही व्यवस्था. प्रवेश एका विद्यापीठात, शिकवणारी प्राध्यापक दुसऱ्याच राज्यात, सगळं ऑनलाइन. दिवसभर क्लायंट आणि कंत्राटदार, रात्री वार्धक्याचं जीवशास्त्र. हाडांची घनता आणि औषधांचे परिणाम वाचताना मला आपण भलत्याच वर्गात येऊन बसलोय असं वाटायचं. तेव्हा फोनवर तुम्ही रोज स्वतःचं स्वतः करायच्या कामांची कॅट्झची 1963 ची यादी घोकून घेतलीत: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. मग लॉटन आणि ब्रॉडी यांची 1969 ची, स्वतंत्र राहायला लागणारी आठ कामं, म्हणजे फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. "आता प्रत्येक काम घराच्या कुठल्या कोपऱ्यात होतं ते सांग," म्हणालात. तिथपासून मला प्लॅन वेगळा दिसायला लागला. असाइनमेंटचं एक वाक्यही तुम्ही कधी लिहून दिलं नाहीत. तेव्हा राग यायचा, हेही सांगून टाकते.

पण हे पत्र खरं तर त्या मागच्या पायरीसाठी आहे.

घर आणि वार्धक्य या विषयाच्या प्रोजेक्टसाठी मी तुमचंच घर घेतलं होतं. स्वयंपाकघरातून परसात उतरायला एक पायरी आहे. मी ती काढून सपाट रॅम्प दाखवला. तुम्ही ड्रॉइंग बघितलंत आणि म्हणालात, "ही पायरी ते रोज उतरतात. टोमॅटोला पाणी घालतात. ती काढलीस तर पुढच्या वर्षी त्यांना पायरी चढताच येणार नाही." त्याच सुमारास आम्हाला पॉवेल लॉटन आणि लुसिल नाहेमो यांचं 1973 चं मॉडेल शिकवत होते. माणसाची क्षमता एका बाजूला, परिसराचा रेटा, म्हणजे परिसर माणसाकडून जे मागतो ते, दुसऱ्या बाजूला. रेटा क्षमतेपेक्षा फार वाढला की माणूस हरतो, पडतो. फार कमी झाला तर जे येत होतं तेही गमावतो. फिलाडेल्फियाच्या जेरियाट्रिक सेंटरमध्ये उभं आयुष्य म्हाताऱ्या माणसांत काढलेल्या लॉटन यांनी हे आलेखावर मांडलं. मला ते टोमॅटोच्या वाफ्यापाशी कळलं. पायरी राहिली. दोन्ही बाजूंना कठडा आला, पायरीच्या कडेला ठळक पिवळी पट्टी आणि वर दिवा. प्रोजेक्टमध्ये याच भागाला सगळ्यात चांगला शेरा मिळाला. तो शेरा तुमचा आहे.

दिव्यावरून आठवलं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. हे वाचल्यावर मला माझी कितीतरी देखणी, मंद उजेडाची बैठकीची दालनं आठवली. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरा कमोड आणि आधाराला धरायचे पांढरे बार, हे तर आमच्या धंद्यातलं लाडकं चित्र. ज्याला ते बार धरायचे आहेत त्याला ते दिसतच नाहीत.

आणि नियमांचं पुस्तक. मी मोठ्या विश्वासाने एडीएची, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकन कायद्याची, मापं घेऊन आले होते: उतार 1:12 (एक इंच चढायला बारा इंच लांबी), दार 32 इंच मोकळं, कमोड 17 ते 19 इंच उंच, बार 33 ते 36 इंचांवर. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हा कायदा खाजगी घरांना लागू आहे का? नाही. आणि ही मापं कुणाला बघून ठरली? शोधल्यावर 1961 च्या पहिल्या अमेरिकन मानकापर्यंत पोचले. ते टिमथी न्यूजंट यांच्या पुढाकाराने इलिनॉय विद्यापीठात तयार झालं आणि त्यामागे होते तिथले व्हीलचेअर वापरणारे विद्यार्थी. तरुण, दंडात ताकद असलेली मुलं. ऐंशीच्या बाईला 1:12 चा उतार स्वतः चाक ढकलत चढणं कठीण. कमोडच्या शेजारच्या आणि मागच्या भिंतीवरचे बारही तिच्या फारसे कामाचे नाहीत. जॉर्जिया टेकमध्ये काम केलेल्या जॉन सॅनफर्ड यांच्या अभ्यासात वृद्धांनी पसंती दिली ती दोन्ही बाजूंना खाली येणाऱ्या, नको तेव्हा वर दुमडणाऱ्या बारना. तेच काकांच्या बाथरूममध्ये लागले. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अशा कामाला सहसा पैसे देत नाही, तो खर्च तुम्ही केलात. 65 च्या पुढच्या दर चार जणांतला एक दर वर्षी पडतो अशा देशात हे मला अजून पटत नाही.

कॅन्ससची गोष्ट पुस्तकात नव्हती, तीही तुम्हीच शिकवलीत. धुण्याचं मशीन तळघरातून वर आणायचं आणि तळघराचं दार कायमचं बंद करायचं, असं मी सुचवलं होतं. "आणि टॉर्नेडोचा सायरन वाजला की? मी त्यांना काय उचलून नेऊ?" वादळात तळघर हाच आसरा. मशीन वर आलं, पण जिना उघडा राहिला. त्यालाही दोन्हीकडे कठडे लागले, वर-खाली दिव्याची बटणं लागली आणि खाली हातांची खुर्ची ठेवली. आता प्रत्येक घरात मी सायरनचा प्रश्न आधी विचारते.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांचं तर निराळंच. अमेरिकन टबची कड 14-15 इंच उंच आणि आपल्या माणसांना शॉवरखाली उभं राहून आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. टबात स्टूल टाकून बादली-तांब्या चालतो आणि मुलांना धडकी भरते. टबाच्या कडेवरून आत सरकायचा बेंच, हातात धरायचा शॉवर, आणि बादली बेंचवरच, हाताच्या उंचीला; ही तुमची युक्ती. माझ्या शेवटच्या सादरीकरणात तिचा फोटो होता. प्राध्यापकबाईंनी तांब्या म्हणजे काय ते दोनदा विचारलं.

काकू, मंडळातली चार घरं तपासून द्या म्हणून मागे लागली आहेत. मी एकटी जाणार नाही. मी मोजपट्टी आणते, तुम्ही माणसांना चालताना बघा. पहिलं घर ओलेथला आहे, शनिवारी दहाला. काकांच्या औषधाची वेळ सांभाळून निघू. येताना मास्किंग टेप घ्या, माझी संपली आहे.

तुमची विद्यार्थिनी