विमानाची धास्ती: गोळी नको, आधी नीट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या आपल्या इंदूरच्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांतली मुले आता पुणे, बेंगळुरू, हैदराबादला असतात. तिकीट तिकडून मोबाईलवर येते आणि साठी-सत्तरीचे आईवडील पहिल्यांदाच विमानात बसायला निघतात, पुष्कळदा एकटेच. आठ दिवस आधीपासून त्यांची झोप उडते. घरचे 'काही होत नाही हो' एवढेच म्हणतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळी हातावर ठेवतात. पहिल्याचा उपयोग नाही आणि दुसऱ्याने नुकसान होते, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

गोळीचे आधी सांगतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानाची तीव्र भीती असलेल्या काही स्त्रियांना उड्डाणाआधी अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी दिली होती. भीती कमी वाटली असे त्यांनी सांगितले, पण नाडी आणि श्वासाचा वेग मात्र औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त निघाला. आठवड्याने सगळ्यांनी गोळीशिवाय दुसरे उड्डाण केले, तेव्हा घबराटीचे झटके अल्प्राझोलामवाल्या गटातच जास्त जणींना आले. गोळीमुळे आपण निभावलो एवढेच मन शिकते. विमानात बसून काही बिघडत नाही, हे शिकायचे राहूनच जाते. वयस्कर माणसाचा या गोळीने तोल जातो, गोंधळ उडतो, आणि शिडीवरून उतरताना ते धोक्याचे असते. डॉक्टरांनी रोजच्या म्हणून दिलेल्या गोळ्या मात्र प्रवासासाठी बंद करू नयेत.

पहिला ताण जमिनीवरचाच असतो, घाईचा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचे काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी आणि गेट २५ मिनिटे आधी बंद होते. राजवाड्याकडून बडा गणपती, कालानीनगर असे जायचे तर वाटेतल्या गर्दीचा हिशेब धरून विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे. बोर्डिंग पासची कागदी प्रत खिशात असू द्यावी. दुसरा धक्का सुरक्षा तपासणीत बसतो, बॅग उघडायला लावली की. मुलांकडे जाताना गोडा मसाला, तिखट, लोणचे बरोबर असणारच. ते हातातल्या बॅगेत न ठेवता नीट बांधून चेक-इन सामानात, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत, द्यावे. सुके खोबरे मात्र नेऊच नये. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापणाऱ्या मालात धरले जाते. याउलट पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी. औषधेही तिथेच, आणि इन्सुलिन तर चेक-इनमध्ये कधीच नको, कारण गोठले की ते निकामी होते. पेसमेकर असेल तर तपासणीच्या दारातून जाण्याआधी जवानाला सांगावे. गुडघे दुखत असतील, किंवा मुंबई-दिल्लीला विमान बदलायचे असेल, तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कंपनीकडे नोंदवावी. यात संकोच कसला? सोबतचा माणूस थेट गेटापर्यंत पोहोचवतो, आणि एकट्या माणसाची अर्धी काळजी तिथेच मिटते.

आवाजांबद्दल घरच्यांनी वेळ काढून सांगायलाच हवे, कारण भीती बहुधा आवाजापासून सुरू होते. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात जमिनीवर असतानाच पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. तो हायड्रॉलिक दाब सांभाळणाऱ्या यंत्राचा असतो. जमीन सोडल्यावर काही सेकंदांत पोटाखाली धाडकन वाजते, ती चाके आत गेलेली असतात. मग साधारण हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. इथे माणसे सर्वांत जास्त घाबरतात, इंजिन बंद पडले की काय म्हणून. वैमानिकाने उड्डाणापुरता लावलेला जोर कमी केलेला असतो, विमान चढतच असते. उतरताना पंखांतून घरघर येते, चाके बाहेर पडताना पुन्हा दणका बसतो, आणि जमिनीला टेकल्यावरची मोठी गर्जना वेग कमी करण्यासाठी असते. मधूनमधून वाजणारी टिंग ही बहुधा कर्मचाऱ्यांची आपसातली खूण. पंख्याचे छोटे एटीआर विमान असेल तर चढायचे दार मागे असते आणि घरघर व थरथर सगळ्या वाटेने चालू राहते, हेही आधीच सांगून ठेवावे.

हादऱ्यांसाठी जागा आणि वेळ दोन्ही निवडता येतात. पंखांजवळच्या रांगांत हलणे सर्वांत कमी जाणवते, शेपटीकडे जास्त. एप्रिल-मेमध्ये माळव्याची जमीन दुपारी तापून हवा वर उसळते, म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे विमान घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत हाच सल्ला उलटा करावा लागतो: दिल्लीकडे पहाटे धुके असते, विमाने खोळंबतात, आणि ताटकळण्याचा ताण हादऱ्यांपेक्षा वाईट. तेव्हा उशिरा सकाळचे किंवा दुपारचे बरे. पंख वाकताना दिसले तर ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. प्रत्यक्षात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसेल, अशीच विमानाची बांधणी असावी लागते. पट्टा मात्र त्याच्या खुणेचा दिवा विझल्यावरही बांधलेला असावा.

तरीही छाती धडधडली तर? घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि त्यामुळे भीती आणखी वाढते. उपाय श्वास सोडण्यात आहे: मनात चार मोजत नाकाने आत, सहा मोजत सावकाश बाहेर, असे पाच मिनिटे. खोल श्वास घे, खोल श्वास घे, असे शेजारून सांगत राहू नये, त्याने उलटच होते. पण छातीत दाबल्यासारखे दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर श्वासाचे प्रयोग न करता डोक्यावरचे बटण दाबून लगेच सांगावे. केबिनमधला हवेचा दाब सुमारे ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो, म्हणजे पचमढीपेक्षा बराच विरळ. एक जिना चढून दम लागणाऱ्यांनी तिकिटाआधीच डॉक्टरांना विचारावे.

कान दुखतात ते उतरताना. त्या वेळी झोपू नये, लिमलेटची गोळी चघळत गिळत राहावे. तान्ह्या बाळाला तेव्हाच पाजावे. सर्दी असेल तर नाकात टाकायचे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

उशीर झाला तर नुसते बसून राहू नये. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला की डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे कंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतले काय हवे ते प्रवाशाने निवडायचे. काउंटरवर शांतपणे मागावे. नकार मिळाला तर तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकासह सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर