नाना शेजारच्या सीटवर

दोंडाईचा,
श्रावण

प्रिय पिंट्या,

मागच्या शनिवार-रविवारी नानांना घेऊन तोरणमाळला जाऊन आलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हं, हं' करत लॅपटॉप बडवत असतोस हे मला इकडे ऐकू येतं. शिवाय यात तुझ्या बापूंचा विषय आहे, तो निवांत वाचायचा.

आधी घरचं. कानबाईच्या सणाला सुरतहून भाऊ सगळ्यांना घेऊन आला होता. ताप्ती लाइनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. या दिवसांत उधना-लिंबायतमधलं आपलं अर्धं खान्देश गावाकडे निघतं, तुला माहीतच आहे. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढताना आई नेहमीप्रमाणे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी टाकत होती. माझी लेक समोर मांडी घालून बसलेली. म्हणाली, "आजी, माझी मूठ कुठाय?" आई म्हणाली, "तुझी मूठ सासरी." त्यावर लेक म्हणाली, "मग पुरण पण सासरीच वाटेन." आणि उठून गेली! सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई बराच वेळ पुटपुटत राहिली. मग सुपात आणखी एक मूठ टाकली आणि म्हणाली, "ही कोणाची ते कोणी विचारायचं नाही." मी विचारलं नाही.

सोमवारी विसर्जन झालं, भाऊ परत गेला आणि घरात उरले रोट. ते भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. त्यामुळे गुरुवारपर्यंत सकाळी दुधात रोट, दुपारी गंगाफळाच्या भाजीशी रोट, रात्री नुसताच रोट. शुक्रवारी बायको म्हणाली, "तुम्ही बापलेक दोन दिवस कुठेतरी जा. मला घर घासायचंय." नाना ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "तोरणमाळ."

एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झाल्यापासून नाना घरात कसे असतात ते तू पाहिलंयस. पहाटे पाचला उठून, दाढी करून, कुठलीच ड्युटी नसताना तयार होऊन बसतात. विचारलं तर उत्तर एका शब्दात. आई म्हणते, आयुष्यभर इंजिनच्या आवाजावर ओरडून बोलले, आता बोलायचं संपलं.

सारंगखेड्याच्या पुलावर तापी दुथडी भरलेली, पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. नाना इथपर्यंत गप्प होते. शहाद्याला आगारासमोर म्हणाले, "थांब जरा." उतरले, फाटकाबाहेर हात मागे बांधून उभे राहिले. आत नाही गेले. एक पोरगेला ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, त्याच्याकडे पाहत म्हणाले, "आरशात बघतो, चांगलं आहे," आणि येऊन बसले. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण नानांच्या लेखी शहादा अजून धुळे जिल्ह्यातच आहे. मी समजावणं केव्हाच सोडलंय.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, आणि मग सातपुडा अंगावर येतो. शहादा ते तोरणमाळ पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण खरा रस्ता घाटाचाच. सातपायरी घाट सुरू झाला आणि शेजारच्या सीटवर नाना बदलले. ताठ बसले. उजवा हात गुडघ्यावर, डावा मांडीवर, मूठ अशी वळलेली की जणू गिअरचा दांडा धरलाय. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा. तिथे ब्रेक नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मराठी गेली, अहिराणी आली. "अठे हॉर्न दे." "सेकंडले टाक, सेकंडले!" एका उतारावर मी जरा ब्रेक धरून ठेवला तर म्हणाले, "घाटमा ब्रेकवर उतरस तो डायवर नही." मी म्हटलं, नाना, ही साधी कार आहे, मागे पन्नास पॅसेंजर नाहीत. म्हणाले, "मी शे ना."

पुढे धुकं इतकं दाट झालं की मी वेग पार कमी केला. नाना मात्र वळण दिसायच्या आधीच ते डावं की उजवं सांगत होते. एकदाही चुकले नाहीत, आणि मला त्याचा थोडा रागच आला.

वर तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. दोंडाईचात घामाने शर्ट चिकटत होता, इथे नानांनी मफलर काढला. यशवंतरावांच्या नावाचा तो तलाव, यशवंत तलाव, अर्धा धुक्यात. सीताखाईवर गेलो तर काहीच दिसेना, नुसता पाण्याचा आवाज. तासभर थांबलो. लोक येत होते, पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढून जात होते. मग वारा आला, आणि समोरचा कडा एकदम उघडा पडला. वरून खाली पाण्याची धार, बाजूचा काळा कातळ, हिरवंगार शेवाळ. दहा मिनिटांत परत सगळं बंद. नाना म्हणाले, "एवढी वर्षं आलो, इथं कधी आलोच नाही. गाडी लावली की जेवायचं आणि झोपायचं."

एक पावरा आदिवासी बाई कणसं भाजत बसली होती. नाना तिच्याशी तिच्या बोलीत बोलायला लागले. मोडकंतोडकं असणार, कारण बाई हसून हसून विस्तवावरचं कणीस फिरवायचं विसरली. नानांनी भाव करून पाच रुपये कमी केले आणि देताना वीस जास्त दिले. मला म्हणाले, "भाव करायला पाहिजे. नाहीतर तिला वाटतं आपण पाहुणे."

रात्री पावसाने जोर धरला, वीज गेली, फोनला रेंज नव्हती. बायकोने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. डब्याच्या तळाशी आईने चार रोटही घातलेले! खाणारे घरचेच ना, मग चालतं. त्या अंधारात नाना बोलायला लागले, आणि जे बोलले ते सगळं बापूंचं.

संध्याकाळची मुक्कामी गाडी. नाना स्टिअरिंगवर, बापू तिकिटाला. काही वळणांवर गाडी एका दमात बसायची नाही, मागे घ्यावी लागायची. तेव्हा बापू खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे आणि पत्र्यावर थाप मारून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचे. पावसात अंधारात दगड सापडत नाही, म्हणून त्यांनी सुताराकडून सागवानी ठोकळा करून घेतला होता. तो त्यांच्या सीटखाली असायचा. गाडी बदलली की ठोकळा काखेत मारून दुसऱ्या गाडीत. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेच्या जादा गाड्या लागायच्या, पार गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं यायची. त्या गर्दीत कुणीतरी तो चुलीत घातला. बापू दोन दिवस जेवले नाहीत, असं नाना म्हणतात. मी तिखटमीठ वजा करून एक वेळ धरतो.

आणि शेळीची गोष्ट तुला माहीत आहे का? मला नव्हती. मुक्कामाला दोघं गाडीतच झोपायचे. बापू कॅशची बॅग उशाला आणि तिची दोरी पायाला बांधून. एका रात्री पायाला हिसका बसला. बापू 'चोर, चोर' ओरडत उठले, नाना गाडीतली लोखंडी टॉमी घेऊन धावले. बघतात तर उघड्या दारातून शेळी आत आलेली, दोरी तिच्या तोंडात आणि तिकिटांचा अर्धा गठ्ठा पोटात. पैसे सुखरूप होते, पण तिकिटांचा हिशोब लागायला हवा ना! सकाळी डेपोत बापूंनी लेखी दिलं की सदर तिकिटे शेळीने खाल्ली. साहेबांनी विचारलं, साक्षीदार कोण? बापू म्हणाले, ड्रायव्हर. साहेब नानांना म्हणाले, तुम्ही काय पाहिलं? नाना म्हणाले, "साहेब, मी फक्त शेपूट पाहिलं." हे सांगताना नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. कितीतरी दिवसांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

उतरताना पुन्हा तेच, हॉर्न दे, सेकंडले टाक. घरी आलो तर भांडी चकचकीत, बायको खूश, आणि आईने शेवटचे दोन रोट आमच्या नावाने झाकून ठेवलेले.

आता तुझ्याकडे काम. बापू गेल्यावर तू त्यांची पत्र्याची पेटी पुण्याला नेलीस. त्यात त्यांचा पितळी बिल्ला असेल, कंडक्टरचा, नंबर कोरलेला. नाना पैजेवर सांगतात की तो नंबर त्यांना पाठ आहे, आणि मला तो लिहूनही दिलाय. मी तो इथे लिहीत नाही. तू आधी पेटी उघड, बिल्ला बघ आणि थेट नानांना फोन लाव. सकाळी नऊच्या आत कर, नंतर ते पारावर जातात आणि फोन घरी ठेवतात. नंबर चुकला तर शेवभाजी त्यांच्याकडून. बरोबर निघाला तर तुझ्याकडून, आणि मग तुला इकडे यावंच लागेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. बिबड्या आईने बांधून ठेवल्यात, पुण्याला जाणारं कुणी भेटलं की पाठवतो.

तुझा,
राजू