एकोणचाळीस म्हणजे ‘एक, चाळीस’ नव्हे, साहेब!

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

खात्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. ‘आता बटणं दाबू नका, मराठीत नुसतं बोला,’ असं हेल्पलाइनच्या उद्घाटनाला तुम्हीच म्हणाला होतात. परवा माझे वडील बोलले.

वडील 78 वर्षांचे. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते, उभा जन्म आकड्यांत गेला. ग्राहक क्रमांकही जोडीजोडीनंच सांगतात. ‘एकोणचाळीस’ म्हणाले. यंत्रानं वाचून दाखवलं, ‘एक, चार, शून्य.’ पुढं सहाचा दहा झाला. पाचव्या खेपेला वडील ओरडले, ‘आरं, येकोणचाळीस रं!’ त्यावर गोड आवाजात, ‘धन्यवाद, आपली तक्रार नोंदवली आहे.’ कुणाच्या नावावर, देव जाणे. आज सकाळी माणूस येऊन आमची जोडणी तोडून गेला. वडील सकाळपासून गप्प आहेत. म्हणतात, माझीच जीभ जड झाली असंल.

जीभ जड नाही, साहेब. साध्या फोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढ्याच पट्टीतला आवाज जातो. ‘स’चा सळसळाट बराचसा त्याच्या वरचा, तो वाटेतच गळतो. मग सहा आणि दहात उरलं काय? अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेच्या यंत्राला 1952 सालीच इंग्रजी अंक कळत होते, तेही एकेक अंक थांबून म्हटला तर. आमच्याकडं नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, त्यात एकक आधी. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. तुमच्या ठेकेदाराच्या कानावर तोही गेला नाही? 2024 ला मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे मात्र वाटलेत.

कोल्हापुरात एकोणचाळीस शेंबड्या पोरालाही कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका 43 ला. उद्या पुराचं पाणीही याच यंत्राला सांगायचं का?

आमच्या गल्लीत दहातल्या आठांचं हेच रडगाणं (मोजणी माझी, चहाच्या टपरीवरची). माणसं काढायची, यंत्र बसवायचं आणि चूक ग्राहकाची! शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात पाढे तोंडपाठ असलेला म्हातारा तुमच्या यंत्रापुढं अडाणी ठरतो. टेंडर काढणाऱ्यानं एकदा तरी स्वतः फोन लावला होता का?

बटणं परत द्या. बटणाचा सूर ठरलेला असतो, त्यात सहाचा दहा होत नाही. आणि एक माणूस द्या, जिवंत.

आपला,
एक ग्राहक, शाहूपुरी, कोल्हापूर

ता.क. उत्तर कागदावर पाठवा. वडील आता फोन उचलत नाहीत.