समा ते वडसर, पळत

बडोदे, रविवार दुपार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना ऐकू येत नाही आणि आई मधेच "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहितेय. आज 23 किलोमीटर पळाले. समाच्या पुलापासून वडसरपर्यंत आणि परत. जेवले. त्याआधी शेवउसळीच्या दोन प्लेट झाल्या, त्यांचा हिशोब विचारू नये.

नदीकाठाने पळाले असं सगळ्यांना सांगते खरी, पण काठ आहेच कुठे? विश्वामित्री दिसते ती पुलावरून. एरवी सोसायट्यांच्या मागच्या भिंती आणि वेड्या बाभळी. म्हणून पूल मोजत जाते: समा, फत्तेगंज, काळा घोडा, भीमनाथ, अकोटा, मुजमहुडा, वडसर.

लांब पळताना बोलता येईल इतक्याच वेगाने जायचं असतं. पहाटे सहाला अंधारात बोलणार कुणाशी? बाबा, तुमचा एकोणतीसचा पाढा म्हणत गेले. मधे दम लागून अडकले की वेग कमी. सयाजीबागेत मफलरवाल्या आजोबांनी दोनदा वळून पाहिलं. लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेला पाढा चाळिशीत असा उपयोगी पडला!

येताना मुजमहुड्याला घरी थांबले. तुम्हाला न सांगता गेले, रागावू नका. दार फुगलंय, खांदा लावून ढकलावं लागलं. आतल्या खोलीत भिंतीवरची पुराची मातकट रेघ अजून तशीच आहे, स्विचबोर्डच्या वर, माझ्या छातीपर्यंत. शेजारी बाबांच्या पेन्सिलीने लिहिलेलं '28-8-24'. घाम गार होईपर्यंत तिथेच उभी होते. रंग द्यायला माणूस बोलावू का, असं मागे विचारलं होतं ना? आता नाही बोलावणार. ती तारीख राहू दे.

बाबा, तुमचं म्हणणं मला माहीत आहे. 2025 च्या उन्हाळ्यात गाळ काढला, पात्र रुंद केलं, आता पाणी येणार नाही, आपण परत जाऊ. वडसरच्या पुलावर आज मुद्दाम पाच मिनिटं थांबून पाहिलं. फरक पडलाय, नाही कसं म्हणू? पण पावागडाकडून येणारी नदी इथूनच जाणार, आणि आजवा धरणाच्या 62 दरवाजांवरून ओसंडलेलं पाणीही तिच्यातच येणार. धोक्याची खूण 26 फुटांची आणि 2024 च्या पुरात पाणी 37 फुटांच्या आसपास गेलं होतं. तुम्ही आयुष्यभर आकडे शिकवलेत, हे गणित तुम्हीच करा.

परत या, पण तळमजल्यावर नको. माझ्याकडे पाचव्या मजल्यावर मागची खोली रिकामी आहे, लिफ्टला जनरेटर आहे. घर विकायचं नाही, त्यात तुमचं आणि माझं एकमत. दादाशी अजून बोलले नाही. तो पुण्यातच राहा म्हणणार आणि त्याचंही चूक नाही. आधी तुम्ही दोघं ठरवा.

अठराव्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले. खिशातले खजूर संपले होते. अकोट्याच्या पुलावर सोलर पॅनेलची सावली मिळाली, तिथे मिठाचं पाणी प्यायले आणि चालत निघाले. मग काळ्या घोड्याच्या पुलावर ही गर्दी! स्कूटर आडव्या लावून लोक कठड्यावर वाकलेले, "जो, जो, मगर!" मीही वाकले. खाली चिखलावर सहासात फुटांची मगर उन्हात पसरली होती. रक्त थंड म्हणून थंडीत अंग तापवायला वर येतात. तोंड उघडं, हालचाल नाही. एका बगळ्याने तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शहरातल्या नदीत अशा चारशेहून जास्त आहेत म्हणे. आई, "नदीकडे गेलीस तर मगर नेईल" म्हणायचीस ना, तुझी मगर पाहिली. मला पाहून तिने डोळाही उघडला नाही, इतकी दमलेली दिसत असणार मी.

तुळशीला शेजारच्या काकू पाणी घालतात, मंजिऱ्या आल्यात. किल्ली माझ्याकडेच आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं झालंय, ते दादाला सांगू नका. येताना गोडा मसाला आणा, इथे संपलाय.

तुमची,
मनू