पालकमंत्र्यांविना ८६ दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यात नवे सरकार येते तेव्हा गृह कोणाकडे, अर्थ कोणाकडे, महसुलावर कोण अडून बसले, या बातम्या आपल्या वृत्तपत्रात रोज येतात आणि मी त्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. मात्र मुंबईत ही वाटणी चालू असताना जिल्ह्यात काय होते, हे फारसे छापून येत नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी अकोला जिल्ह्यातली. नोकरीची बरीच वर्षे जिल्हा नियोजनाच्या कामात गेली, आता निवृत्त आहे. घरची थोडी सोयाबीन-कपाशी आहे. त्यामुळे सरकार बनण्याला उशीर झाला की तो टेबलावर कसा दिसतो आणि बांधावर कसा दिसतो, दोन्ही मी पाहिले आहे.

३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला ९ ऑगस्टला. मधले ४० दिवस साडेअकरा कोटींहून जास्त लोकांच्या राज्याला दोनच मंत्री होते. त्याच जुलैत विदर्भ-मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेते खरवडून गेली, पंचनामे सुरू झाले, आणि कृषी, मदत व पुनर्वसन, पाणीपुरवठा यांपैकी एकाही खात्याला स्वतंत्र मंत्री नव्हता. मंत्र्यांपुढे चालणाऱ्या अपिलांच्या सुनावणीचे अधिकार ऑगस्टच्या सुरुवातीला सचिवांकडे द्यावे लागले. अतिवृष्टीची वाढीव मदत, हेक्टरी १३,६०० रुपये आणि तीही तीन हेक्टरांपर्यंत, जाहीर झाली ती १० ऑगस्टला, म्हणजे विस्ताराच्या दुसऱ्याच दिवशी. निर्णय चांगला होता. पण मंत्रिमंडळ भरले आणि दुसऱ्या दिवशी तो घेता आला, याचा अर्थ शेतकऱ्याने लावायचा तो लावलाच.

जिल्ह्यापुरती याहून मोठी अडचण वेगळी होती. ४ जुलैला नियोजन विभागाने आदेश काढला: १ एप्रिलपासून जिल्हा नियोजन समितीत मंजूर झालेली कामे नवे पालकमंत्री, म्हणजे जिल्ह्याची जबाबदारी असलेले आणि या समितीचे अध्यक्ष असणारे मंत्री, नेमले जाईपर्यंत थांबवावीत. नव्या सरकारला आधीच्या मंजुऱ्या तपासून पाहायच्या असतील तर तो त्याचा अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. पालकमंत्री जाहीर झाले २४ सप्टेंबरला, सरकार आल्यावर ८६ दिवसांनी. आणि तेव्हा मंत्री होते एकूण २०, जिल्हे ३६. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा आणि गडचिरोली हे सहा जिल्हे एकट्या उपमुख्यमंत्र्यांकडे आले. माणूस कितीही कष्टाळू असला तरी गडचिरोली आणि अकोला यांच्या बैठका एकाच आठवड्यात नीट घेणे अवघडच. त्या २० जणांत एकही स्त्री नव्हती, हेही नोंदवून ठेवते.

जिल्हा नियोजनाची कामे म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. अंगणवाडीची खोली, जिल्हा परिषद शाळेचे गळके छत, पाणंद रस्ता, जळालेले रोहित्र, आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती. लाख, दोन लाख, दहा लाखांची कामे. यांना आधी समितीची मंजुरी लागते, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ३१ मार्चला निधी खर्च झाला नाही तर तो समर्पित, म्हणजे सरकारला परत, करावा लागतो. या साखळीतून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर काढून टाकले की उरते काय? दिवाळीनंतर धावपळ आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने उरकलेली कामे. घाईत ओतलेले काँक्रीट पुढच्या पावसाळ्यात उखडते आणि लोक ठेकेदाराला शिव्या देतात. कधी तो दोषी असतोही. पण त्याच्या हातात काम मिळायलाच जानेवारी उजाडला, हे कोणाला ठाऊक नसते.

हे एकाच सरकारचे दुखणे नाही, आणि मी कोणत्याही पक्षाची नाही. २००९ साली काँग्रेस-राष्ट्रवादीला १४४ जागा मिळाल्या, बहुमताला एकच कमी; निकाल २२ ऑक्टोबरला लागला. खात्यांवरून अडले आणि शपथविधी ७ नोव्हेंबरला झाला. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबरला सहा सहकाऱ्यांसह शपथ घेतली, पूर्ण विस्तार ३० डिसेंबरला आणि त्यानंतरचे खातेवाटप ५ जानेवारीला. २०२४ मध्ये तर महायुतीकडे २३० च्या घरात आमदार होते. निकाल २३ नोव्हेंबरचा, शपथ ५ डिसेंबरची, ३९ मंत्र्यांचा विस्तार नागपुरात १५ डिसेंबरला, आणि खातेवाटप २१ डिसेंबरला. नागपूरचे हिवाळी अधिवेशन १६ ला सुरू होऊन २१ ला संपले. विदर्भाचे प्रश्न मांडण्यासाठी जे अधिवेशन नागपूर करारानुसार भरत आले आहे, ते सगळे बिनखात्याच्या मंत्र्यांसमोर पार पडले. कापसाच्या भावाचा प्रश्न आमदाराने विचारला तर उत्तर देणारा मंत्री कोणता, हेच ठरलेले नव्हते. पालकमंत्री १८ जानेवारी २०२५ ला जाहीर झाले आणि रायगड व नाशिकच्या नेमणुकांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. नाशिकला तेव्हा सिंहस्थाची तयारी डोक्यावर होती.

आकडे पुरेसे असूनही उशीर होतो, कारण बहुमत जमवणे आणि सत्ता वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला वेळेचा नियम नाही. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ आमदारांच्या आपल्या राज्यात ती ४३ होते. १९९७ साली उत्तर प्रदेशात ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ झाले होते, ते पाहता ही मर्यादा हवीच होती. किमान १२ मंत्री असावेत असेही तिथे लिहिले आहे. मात्र ते किती दिवसांत नेमावेत, खाती कधी द्यावीत, याबद्दल एक शब्द नाही. पालकमंत्री हे पद तर घटनेत मुळीच नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे असते.

जागा मोजक्या आणि मागणारे अनेक, तेव्हा पदांची किंमत वाढते. २००४ साली राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार होते. मुख्यमंत्रिपद काँग्रेसला गेले आणि त्या बदल्यात राष्ट्रवादीने जास्त मंत्रिपदे घेतली. गोव्यात २०१७ साली मनोहर पर्रीकरांनी सरकार बनवले तेव्हा गोवा फॉरवर्डचे आमदार तीन होते आणि तिघेही मंत्री झाले. अशा वेळी खाते कशासाठी आहे हा विचार मागे पडतो आणि ते किती ‘वजनदार’ आहे तेवढे पाहिले जाते. वजन कमी पडले की खातीच चिरतात. आज जलसंपदा खाते दोन मंत्र्यांत विभागले आहे: गोदावरी आणि कृष्णा खोरे एकाकडे, विदर्भ, तापी आणि कोकण दुसऱ्याकडे. सार्वजनिक बांधकामातून ‘सार्वजनिक उपक्रम’ वेगळे काढले जातात. सार्वजनिक आरोग्य एका पक्षाकडे आणि वैद्यकीय शिक्षण दुसऱ्याकडे, हे तर अंगवळणी पडले आहे. करोनाच्या साथीत जिल्हा रुग्णालय राष्ट्रवादीच्या मंत्र्यांकडे होते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय काँग्रेसच्या. रुग्ण एकाच गावचा असे. त्याला या दारातून त्या दारात पाठवताना मध्ये किती फायली फिरतात, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल.

यावर ‘आघाडीचे सरकारच नको’ असे म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १९८५ नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमताचा १४५ चा आकडा गाठता आलेला नाही. लोकांचे मत असे विभागलेले आहे, तर सरकारही अनेकांचे असणार. म्हणून ते बनवण्याची रीत सुधारायला हवी.

माझ्या तीन मागण्या आहेत. मित्रपक्षांत जे ठरेल ते लिहून शपथविधीआधी जनतेसमोर ठेवावे: कोणते खाते कोणत्या पक्षाकडे, कोणत्या जिल्ह्याचे पालकत्व कोणाकडे, आणि पदांची अडीच-अडीच वर्षांची वाटणी ठरली असेल तर तीही. २०१९ मध्ये महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम शपथविधीच्या आधी जाहीर केला होता, मग खातेवाटपही जाहीर करता येतेच. जर्मनीत २०२१ साली तीन पक्षांनी केलेल्या लेखी करारात कोणते मंत्रालय कोणाचे हे छापलेले होते. निवडणुकीनंतर त्यांना दहा आठवडे लागले खरे, पण तोवर जुने सरकार काम पाहत होते आणि ८ डिसेंबरला सगळे मंत्री एकाच दिवशी, आपापल्या खात्यासह, शपथ घेऊन कामाला लागले. वाटाघाटींना वेळ लागला तर लागू दे. अर्धे मंत्रिमंडळ बसवून ठेवू नका, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी मागणी कायद्याची. शपथेनंतर १५ दिवसांत खातेवाटप आणि ३० दिवसांत पालकमंत्री, अशी मुदत घालावी. तिसरी त्याहून साधी आहे आणि तिला घटनादुरुस्तीही लागत नाही. पालकमंत्री नसतील तेवढ्या काळात मंजूर कामांना आधीच्या आराखड्याप्रमाणे पुढे जाऊ द्यावे आणि शाळा, अंगणवाडी, पाणी व आरोग्याची कामे तरी कोणत्याही स्थगितीतून वगळावीत.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पुढचे सरकार बनेल तेव्हा ‘कोणाला काय मिळाले’ या चौकटीशेजारी आणखी एक लहान चौकट रोज छापावी: आज किती जिल्ह्यांना पालकमंत्री नाही, किती खात्यांना मंत्री नाही, आणि आज कितवा दिवस आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव त्यात असले तर मी ते कात्रण दर आठवड्याला मुख्यमंत्री कार्यालयाला टपालाने पाठवीन.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
जि. अकोला